एकच चाल, पाच घडणी : ब्रिटिश सिंथ-पॉप १९७८–८३, प्रकल्प नोंदी

५ जुलै

काम एवढंच: आठ बारची (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) एक चाल पाच घडणींत बांधायची आणि शेजारी ठेवून ऐकायची. पहिली घडण घरगुती टेपवाली (द नॉर्मल, सुरुवातीची ह्यूमन लीग). दुसरी गॅरी न्यूमनची. तिसरी न्यू रोमँटिक मंडळींची (व्हिसाज, ड्युरॅन ड्युरॅन). चौथी ह्यूमन लीगच्या ‘डेअर’ अल्बमवाली, संपूर्ण यंत्रावरची. पाचवी न्यू ऑर्डरच्या ‘ब्लू मंडे’ची, क्लबसाठी केलेली.

हल्ली ‘एटीज सिंथ’ म्हणून जो एकच पातळ रस्सा सगळ्यावर ओतला जातो, त्यात या पाचही चवी बुडतात. कोरस लावलेलं पॅड आणि दणदणीत गेटेड स्नेअर ही जोडी तर या पाचांपैकी एकाचीही खरी ओळख नाही.

पडताळून पाहायचा मुद्दा असा: या शैलींमधला फरक वाद्यांत कमी आणि लय कोण धरतो यात जास्त आहे. माणूस, यंत्र, की यंत्राच्या ठोक्यावर माणूस?

हाय-एनर्जी आणि इंडस्ट्रियल या खेपेला बाहेर.

६ जुलै

चाल ठरली. ए मायनर, ४/४. कॉर्ड: ए मायनर दोन बार, एफ एक, जी एक, मग पुन्हा तेच. लय सगळीकडे १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ मात्रा). ‘ब्लू मंडे’ १३० वर आहे, ‘डोंट यू वाँट मी’ ११७ च्या आसपास, तेव्हा मधला आकडा धरला. १२४ ला एक मात्रा ४८४ मिलिसेकंदांची आणि पाव मात्रा १२१ ची. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत, पुढे सतत लागतात.

नियम: मुख्य चालीची मिडी फाइल (स्वरांची संगणकातली नोंद) पाचही ठिकाणी तीच. त्या त्या काळी जेवढे ट्रॅक मिळत तेवढेच वापरायचे. प्रत्येक घडणीला एकच रिव्हर्ब. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये पाच वेगळे प्रोजेक्ट, एका प्रोजेक्टमध्ये पाच फोल्डर नकोत. फोल्डर केले की एकाचा मास्टर-बस कॉम्प्रेसर दुसऱ्याला चिकटतो आणि तुलना तिथेच संपते.

१२ जुलै

घडण पहिली. डॅनियल मिलरने १९७८ साली द नॉर्मल या नावाने ‘वॉर्म लेदरेट’ आणि ‘टीव्हीओडी’ केली ती एका कॉर्ग ७००एसवर आणि टिॲकच्या चार-ट्रॅक टेपवर. म्यूट रेकॉर्ड्सची ती पहिली तबकडी. त्याच वर्षी शेफील्डच्या ह्यूमन लीगची ‘बीइंग बॉइल्ड’ एडिनबरोच्या फास्ट प्रॉडक्टने काढली. तिथे कॉर्ग ७००एस आणि रोलँड सिस्टम-१०० हे दोन सिंथ, बस्स. ड्रमचा आवाजही सिंथमधूनच काढलेला, कारण ड्रम मशिन नव्हतंच.

म्हणून इथे सॅम्पल वर्ज्य. किक: ट्रायँगल वेव्ह, स्वर २०० हर्ट्झवरून ५० वर ६० मिलिसेकंदांत उतरवला, आवाज १८० मिलिसेकंदांत विझवला. स्नेअर: पांढरा नॉइज, बँडपास १.८ किलोहर्ट्झ, डीके (विझायचा वेळ) १४० मिलिसेकंद. हाय-हॅटऐवजी त्याच नॉइजची ३० मिलिसेकंदांची चुटकी, हायपास (खालचं गाळणारा फिल्टर) लावून. किकचा स्वर ६० मिलिसेकंदांहून सावकाश उतरवला तर ‘प्यूव’ असा लेझर येतो. फार झटपट उतरवला तर नुसती टिक राहते, पोट राहत नाही.

सिस्टम-१०० च्या संचातला सिक्वेन्सर (लावून ठेवलेले स्वर ओळीने वाजवणारं यंत्र, मॉडेल १०४) १२ पायऱ्यांचा, दोन चॅनेलचा. पाव मात्रांचा बार १६ पायऱ्यांचा होतो, तो यात मावत नाही. तेव्हा अर्ध्या मात्रेच्या आठ पायऱ्या घेतल्या. या काळातले बेस असे ठोकळेबाज चालतात त्यामागे आवड किती आणि पायऱ्यांची टंचाई किती, हे वेगळं काढणं अवघडच. शिवाय प्रत्येक पायरीचा स्वर हाताने लावायचा, म्हणजे तो थोडा इकडे-तिकडे राहणारच. आठ पायऱ्यांना −१२ ते +१० सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) ठरावीक चूक दिली: दुसरी पायरी −९, पाचवी +७, सातवी −१२, बाकीच्या त्याहून कमी. महत्त्वाचं म्हणजे दर फेरीला तीच चूक यायला हवी. दर वेळी रँडम चूक दिली की ती टेपची डगमग वाटते, सिक्वेन्सरची वाटत नाही.

१३ जुलै

चार ट्रॅकचं बाउन्स. तीन ट्रॅक भरायचे, ते चौथ्यावर ओतायचे, तीन पुन्हा मोकळे. तीन ट्रॅकची खरखर एकत्र आली की ती जवळपास ५ डेसिबलने चढते, त्यात नव्या ट्रॅकची स्वतःची मिसळून ६. म्हणून क्रम पाळायचा: किक, स्नेअर, बेस आधी ओतायचे, कारण त्यांच्या गोंगाटात खरखर लपते. चाल आणि आवाज शेवटी, ताज्या ट्रॅकवर.

टेप-प्लगइन प्रत्येक ट्रॅकवर आणि बाउन्सवर पुन्हा, असं दोनदा लागलं पाहिजे. मास्टरवर एकदाच लावलं तर सगळी वाद्यं एकत्र डुलतात आणि कानाला ते लगेच खोटं लागतं.

१९ जुलै

घडण दुसरी, न्यूमन. ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ आणि ‘कार्स’ दोन्ही १९७९ ची, दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. ‘द प्लेझर प्रिन्सिपल’वर गिटार अजिबात नाही, त्यामुळे हा सगळा यंत्राचा कारभार असा समज होतो. ऐकून पाहा: ड्रम सेड्रिक शार्पलीने हाताने वाजवलेत, बेस गिटार पॉल गार्डिनरची आहे. हा रॉक बँडच आहे, गिटारच्या जागी मिनीमूग सिंथ उभा केलेला. सिक्वेन्सरने चालणारी गाणी आणि ही गाणी यांचा पिंडच वेगळा.

मिनीमूगच्या नकलेत तीन सॉ (करवती लहरीचे) ऑसिलेटर: एक सुरात, दुसरा +७ सेंट, तिसरा एक सप्तक खाली. फिल्टर ९०० हर्ट्झ, रेझोनन्स जेमतेम, सस्टेन पूर्ण, ग्लाइड ४० मिलिसेकंद. चालीची मिडी फाइल ग्रिडवर (यंत्राच्या काटेकोर घरांवर) होती तशी लावली आणि सगळं निर्जीव झालं. इथे कीबोर्डही हाताने वाजवलेला हवा. हात ड्रमरच्या स्नेअरला टेकून वाजतो, क्लिकला (कानातल्या यांत्रिक ठोक्याला) टेकत नाही. म्हणून आधी ड्रम हाताने वाजवून घेतले, क्वांटाइझ (स्वर ग्रिडवर ओढणं) बंद, आणि त्यावर चाल पुन्हा वाजवली. स्वर तेच, जागा हाताच्या. नियमाला एवढी मुरड घालावी लागते.

सगळ्यांच्या लक्षात राहणारा तो उंच, थंड, रडवेला आवाज पॉलीमूगच्या ‘व्हॉक्स ह्यूमाना’ प्रीसेटचा. जवळपास जायचं तर दोन सॉ ±५ सेंट, व्हायब्रॅटो ५.५ हर्ट्झ आणि अगदी उथळ, ४०० च्या खाली सगळं कापलेलं. स्वर लांब धरायचा आणि चाल संपल्यावरही तो चालूच ठेवायचा.

घोळ कुठे होतो: बेस गिटार आणि मूग एकाच सप्तकात एकच ओळ वाजवतात. मूगचा सूर किंचित हलता असतो, त्यामुळे खर्जात ठोके पडतात आणि मधेच बेस गायब होतो. मूगला १२० हर्ट्झवर हायपास लावला, तळ गिटारला सोडला, आणि प्रश्न मिटला. ईक्यूने एखादी ठरावीक फ्रिक्वेन्सी दाबून हा घोळ सुटत नाही, कारण दोन्ही बाजू जागच्या हलत असतात.

२६ जुलै

घडण तिसरी. लंडनमधल्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या ब्लिट्झमध्ये मंगळवारची रात्र, दारावर स्टीव्ह स्ट्रेंज, तबकड्या लावायला रस्टी ईगन. १९७९–८० चा हा गोतावळा. न्यूमनशी त्याचं नातं थेट आहे. व्हिसाजच्या ‘फेड टू ग्रे’ची मूळ चाल बिली करी आणि ख्रिस पेन यांनी न्यूमनच्या १९७९ च्या दौऱ्यात साउंडचेकच्या वेळी बसवली होती. बर्मिंगहॅमच्या ड्युरॅन ड्युरॅनने त्यात डिस्को आणला: खाली सरळ चार ठोक्यांची किक, ऑफ-बीटला उघडी हाय-हॅट, आणि जॉन टेलरची बेस गिटार; त्याचे कान शीक या डिस्को बँडच्या रेकॉर्डांवर तयार झालेले.

सिंथचं काम इथे दोनच ठिकाणी. एक, स्ट्रिंग मशिन (निक ऱ्होड्सकडे क्रूमार परफॉर्मर होतं). याच्या नकलेत पॉलिफोनिक पॅड लावलं तर फसतं. यातल्या बऱ्याच मशिनींत सगळ्या स्वरांना मिळून एकच एन्व्हलप (आवाज चढण्या-उतरण्याचा आराखडा) असतो, म्हणजे धरलेल्या कॉर्डमध्ये नवा स्वर आला तरी नवा आघात येत नाही. त्यांच्या एन्सेम्बल इफेक्टमध्ये तीन डिले-लाइन १२० अंशांच्या अंतराने फिरतात, एक हेलकावा ०.६ हर्ट्झचा आणि त्यावर दुसरा ६ हर्ट्झचा. साधा दोन-पदरी कोरस त्याला पुरत नाही. मोनोमध्ये ऐकून पाहायचं: साधा कोरस मोनोत कोसळतो, एन्सेम्बल तग धरतं.

दुसरं ठिकाण आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक). रोलँडच्या ज्युपिटर-४ सिंथच्या आर्पेजिओला बाहेरून क्लॉक (लयीचे विजेचे ठोके) देता येतो, एका पल्सला एक स्वर. इथेच गाडं अडतं. ड्रम माणूस वाजवणार, आर्पेजिओ यंत्र. ड्रमर पाच-सहा बारांत १० मिलिसेकंद सरकला तरी एका पाव मात्रेचा बारावा भाग गेला, आणि तो ऐकू येतो. तोड एकच: आर्पेजिओ आधी टाकायचा, त्यातूनच क्लिक काढायची आणि ड्रमरने कानात ती घेऊन वाजवायचं. म्हणजे ठेका माणसाचा, पण पंचांग यंत्राचं. न्यूमन आणि ही मंडळी यांच्यातली खरी भिंत ही आहे. झालरीचे शर्ट आणि मेकअप नंतर.

२ ऑगस्ट

घडण चौथी. निर्माता मार्टिन रशेंटचा स्टुडिओ बर्कशरमधल्या स्ट्रीटलीला. तिथे १९८१ मध्ये ह्यूमन लीगचं ‘डेअर’ झालं: लिन एलएम-१ ड्रम मशिन, रोलँडचा एमसी-८ मायक्रोकंपोझर (सिक्वेन्सर), सिस्टम-७००, ज्युपिटर-४. ‘डोंट यू वाँट मी’ त्या वर्षीच्या नाताळात पहिल्या क्रमांकावर होतं.

एलएम-१ बद्दल नेमकं. १९८० चं यंत्र, जेमतेम ५०० च्या आसपास बनली, अमेरिकेत किंमत ४,९९५ डॉलर. आठ बिटांची सॅम्पलं, २८ किलोहर्ट्झच्या घरात. प्रत्येक आवाजाला वेगळं आउटपुट आणि वेगळी ट्यूनिंग. त्यात क्रॅश नाही, राइडही नाही (दोन्ही सिंबल, म्हणजे ड्रमच्या थाळ्या). त्या आल्या पुढच्या लिनड्रममध्ये, १९८२ ला.

सिंबल नसणं ही बारीकसारीक गोष्ट नाही. रॉकमध्ये कडवं संपून मुखडा आला की क्रॅश मारून सांगतात. इथे ते सांगायचं कसं? आठव्या बारच्या शेवटच्या दोन मात्रा टॉमला दिल्या (टॉम चार अर्धस्वर खाली उतरवून), मुखड्याच्या पहिल्या ठोक्यावर स्नेअरसोबत टाळी ठेवली आणि बेसला तिथे अर्धी मात्रा विश्रांती. क्रॅशचं सॅम्पल गंमत म्हणून टाकून पाहिलं. चार सेकंदांची ती शेपूट सगळ्या सिंथांवर पसरते आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा भरून टाकते. ‘डेअर’चा तो लख्ख, कोरडा, फटीफटीतून हवा जाणारा आवाज अर्धा या नसलेल्या सिंबलमुळे आहे.

सॅम्पलं २८ किलोहर्ट्झला उतरवताना डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) आपणहून अँटी-एलियासिंग फिल्टर लावतं. तो बंद करावा. हाय-हॅट आणि कबासातला (मण्यांचा खुळखुळा) काचेरी चरचराट त्या एलियासिंगमधूनच, न मावणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सी खाली दुमडण्यातूनच येतो. फिल्टर चालू ठेवून वर ईक्यूने १० किलोहर्ट्झ उचलले तर नुसती सळसळ येते, चरचराट येत नाही.

३ ऑगस्ट

बेस आणि गेट-टाइम. एमसी-८ ला कीबोर्ड नाही, आकड्यांची पाटी आहे. स्वर किती, पायरी किती लांब, आणि त्यातला किती वेळ आवाज चालू, हे तिन्ही आकडे प्रत्येक स्वरासाठी टाइप करायचे. तिसरा आकडा सगळ्यांत मोलाचा. पाव मात्रा १२१ मिलिसेकंद, गेट ६० ठेवला की बेस टणटणीत चालतो. ९० केला की जड होतो, १२० ला नुसता गिलावा. व्हेलॉसिटी सगळीकडे सारखी ठेवली आणि झोका फक्त गेटमधून काढला: पहिला स्वर ८०, मधले ५०, चौथा ३०. माणसाने वाजवलेल्या बेसमध्ये जे काम जोर करतो ते इथे लांबी करते.

कॉर्डही सरळ धरल्या नाहीत. लांब पॅडवर नॉइज-गेट, त्याची चावी एलएम-१ च्या हाय-हॅटला. अटॅक १ मिलिसेकंद, होल्ड ५०, रिलीज ३०. रिलीज ८० च्या वर गेला की पाव मात्रा एकमेकींत घुसतात.

एलएम-१ हेवन १७ कडेही होतं, ह्यूमन लीग फुटून निघालेली ही दुसरी शाखा. ‘पेंटहाउस अँड पेव्हमेंट’वर त्यांनी त्यावर जॉन विल्सनची खरी बेस गिटार ठेवली, आणि त्याच यंत्रातून फंक निघाला. हा पुरावा आयताच मिळाला.

९ ऑगस्ट

चौथीचीच पोटशाखा: बॅसिल्डनचे डेपेश मोड, ‘स्पीक अँड स्पेल’, १९८१. ब्लॅकविंग स्टुडिओ, लंडनमधल्या एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये, निर्माता पुन्हा डॅनियल मिलर. इथे कॉर्ड जवळजवळ नाहीतच, एकेका स्वराच्या ओळी एकमेकींत विणलेल्या. ए मायनरचं कॉर्ड तीन मोनो ओळींत फोडलं: ए पाव मात्रांत, सी ऑफ-बीटला, ई दर तिसऱ्या पाव मात्रेला. ऐकताना कॉर्ड ‘होतं’, पण वाजत कुणीच नाही.

कॉर्गचा एमएस-२० मिनी सिंथ ऑडिओ इंटरफेसमधून व्होल्टेज देऊन चालवताना अडचण. बहुतेक यंत्रं एका व्होल्टला एक सप्तक मानतात. जुने कॉर्ग आणि यामाहाचे छोटे सीएस (डेपेश मोडकडचा सीएस-५ त्यातलाच) व्होल्ट दुप्पट झाला की एक सप्तक, या हिशेबाने चालतात. एकाचा सिक्वेन्सर दुसऱ्याला जोडला तर कितीही ट्यून करा, पंचम लावला की षड्ज सुटतो. शिवाय दुसऱ्या पद्धतीत खालचे स्वर दाटीवाटीने बसतात. अर्धा ते एक व्होल्ट या सप्तकाच्या तळाशी अर्धस्वर ३० मिलिव्होल्टचा, म्हणजे ५ मिलिव्होल्टची चूक १७ सेंट बेसूर करते. पहिल्या पद्धतीत तेवढीच चूक ६ सेंटची. बेस खालच्या सप्तकात ठेवायचाच असेल तर ओळ एक सप्तक वर पाठवायची आणि सिंथच्या ऑसिलेटरचा सप्तक-स्विच एक सप्तक खाली करायचा.

१६ ऑगस्ट

घडण पाचवी. न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’, मार्च १९८३, फॅक्टरी या रेकॉर्ड कंपनीचा क्रमांक फॅक ७३, साडेसात मिनिटांची बारा इंची. ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशिन, मूग सोर्स सिंथ, इम्युलेटर सॅम्पलर, आणि बँडमधल्या बर्नार्ड समनरने किटवरून जोडलेला पॉवरट्रान १०२४ सिक्वेन्सर. त्यात सिंथची एक ओळ ड्रमपासून सरकलेली आहे, कारण भरताना एक स्वर गळला. ती चूक तशीच ठेवली गेली आणि आज ती गाण्याची खूण आहे.

बांधणी: किक सरळ, मधेच पाव मात्रांचा मारा. बेस मूग सोर्सच्या धर्तीवर, खालचं सप्तक आणि वरचं सप्तक आळीपाळीने, गेट ५५. चाल मुद्दाम एक पाव मात्रा पुढे ढकलली, १२१ मिलिसेकंद. पहिल्या फेरीत चुकल्यासारखी वाटते, तिसऱ्या फेरीपर्यंत किकच तिच्याभोवती फिरायला लागते. दोन पाव मात्रा सरकवली तर नुसतं ऑफ-बीट होतं, चमत्कार संपतो.

वर न्यू ऑर्डरच्या पीटर हुकच्या पद्धतीने बेस गिटारची उंच ओळ, हाताने. ही यंत्राच्या मागे १० ते १५ मिलिसेकंद राहिली तरच बसते. ग्रिडवर ओढली की सिंथ होते.

१७ ऑगस्ट

क्लॉकचं गणित. रोलँडचा डिन-सिंक एका मात्रेला २४ पल्स, लिन ४८, ओबरहाइम ९६. १२४ बीपीएमला एक पल्स अनुक्रमे २०, १० आणि ५ मिलिसेकंदांचा. ४८ पल्सचा क्लॉक २४ वाल्याला दिला की तो दुप्पट वेगाने पळतो, मधे भागाकार करणारी पेटी लागते. १९८३ ला मिडी येईपर्यंत प्रत्येक स्टुडिओला हे जुगाड स्वतःच करावं लागे.

मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँडच्याच ज्युपिटर-८ (सिंथ), टीबी-३०३ (बेस) आणि टीआर-८०८ (ड्रम) वर राग बसवले, तेव्हा एकाच घरची यंत्रं असण्याचा मोठा फायदा होता: ३०३ आणि ८०८ एका वायरीने एका लयीत. रशेंटकडे लिन आणि रोलँड अशी दोन घराणी एका छताखाली नांदवायची होती.

२३ ऑगस्ट

अदलाबदल. आवाज तेच ठेवून फक्त लय बदलली.

न्यूमनच्या मूग-पॉलीमूगखाली एलएम-१ आणि सगळं ग्रिडवर: ‘डेअर’च्या शेजारी जाऊन बसतं, रॉक बँडचा तो ताठा नाहीसा. उलट ‘डेअर’च्या आवाजांना हाताने वाजवलेले ड्रम आणि हाताचा बेस: १९७९ चा बँड. न्यू रोमँटिक घडणीतून आर्पेजिओची क्लिक काढून ड्रमर मोकळा सोडला तर स्ट्रिंग मशिन असूनही क्लबचा रंग उडतो. पाचवीतून सरकलेली ओळ परत जागेवर आणली तर ती सरळ चौथी होते, डीएमएक्सचे आवाज असले तरी.

अपवाद पहिली घडण. तिची लय बदलली तरी ती ओळखू येते, कारण टेपची खरखर आणि पायऱ्यांचे बेसूर स्वर. तिथे मुद्दा लंगडा पडतो, आणि तो तसाच नोंदवून ठेवला आहे.

२४ ऑगस्ट

पाचही फाइली −१८ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा याचं माप) आणून ठेवल्या. त्याआधी ऐकलेली तुलना बाद धरावी. पहिली घडण मिड्समध्ये दाटलेली असल्याने मोजणीत मोठी भरते आणि कानाला मात्र लहान वाटते. तिला १ डेसिबलची सूट दिली.

राहिलेलं काम: चौथ्या घडणीत एलएम-१ च्या शफलवर (ठेक्याला झोका देणारं बटण) ५४ आणि ५८ टक्के करून पाहायचं. पाचवीचा बारा इंची लांबीचा विस्तार, साडेसहा मिनिटांपर्यंत, त्यात फक्त म्यूट बटणं वापरून, नवा स्वर एकही नाही. रशेंटने ‘डेअर’च्या रीमिक्सांच्या १९८२ च्या ‘लव्ह अँड डान्सिंग’मध्ये बहुतेक मिक्सिंग डेस्क आणि टेपचे तुकडे यांच्यावर भागवलं होतं. त्यासाठी चौथीचे सगळे ट्रॅक वेगवेगळे, रिव्हर्बशिवाय, बार १ पासून एक्सपोर्ट करून ठेवायचे.